पाय उचलला की थांबणारी गाडी

माझ्या नवऱ्याने अंबरनाथच्या एका भाड्याच्या शेडमध्ये कितीतरी रविवार घालवून स्वतः एक गाडी बनवली. दोन सीटची, बिनछपराची, हाडं-हाडं दिसणारी. हलकी गाडी वळणावर पळते म्हणे, म्हणून एसी नाही, कार्पेट नाही. एकदा मी आत जेवणाचा डबा ठेवला, तर म्हणाला, हातात घेऊन बस. मांडीवर धरल्याने डब्याचं वजन कमी कसं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

लेकीने नोकरी लागल्यावर इलेक्ट्रिक गाडी घेतली. जाडजूड आणि गुपचूप. बदलापुरात हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरापासून अंबरनाथपर्यंत ती ब्रेकला पायच लावत नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी आपणहून मंदावते, थांबते. बाबा एक दिवस त्या खटाऱ्यात जिवानिशी जातील, असं ती म्हणायची. मीही तेच म्हणायचे, फक्त रोज. शेवटी पैज लागली. घाटापलीकडे एक ट्रॅक आहे, तिथे फी भरून कुणालाही आपली गाडी पळवता येते. लेकीची गाडी सरस ठरली तर बाबाने आपली विकायची. मी मनातल्या मनात तिच्याच बाजूने होते.

सुरुवातीला तिची गाडी सरळ पट्ट्यावर अशी सुटली की नवऱ्याचा आ वासलेलाच राहिला. पण तीन-चार फेऱ्यांत बॅटरी तापली आणि गाडीने स्वतःच जोर कमी केला. त्याची गाडी मात्र कटकट न करता फिरत राहिली. कोण जिंकलं यावर दोघं हुज्जत घालत बसले. मग त्याने ऐटीत आपल्या गाडीची किल्ली तिच्यापुढे धरली. म्हणाला, आधी चालवून बघ, मग विकायचं बोल.

लेक त्याची गाडी घेऊन सुटली. मी कुंपणाशी उभी होते. वळण आलं, पण गाडी मंदावेना. खडी उडाली, गाडी गरकन फिरली आणि धुळीत माझी मुलगी दिसेनाशी झाली. ट्रॅकवर झेंडा दाखवणाऱ्या माणसाला ढकलून नवरा धावला.

ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली. चेहरा पांढराफटक. "बाबा, मी पाय उचलला होता," ती तेच तेच सांगत होती. "ती थांबलीच नाही." ब्रेक तिने दाबलाच नव्हता. सवयच नाही हो पोरीला.

तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. गाडीचं नाक मात्र पार फुटलं होतं, आणि नवऱ्याने तिकडे एकदाही बघितलं नाही. तो तिचे हात, मान, बोटं चाचपत राहिला.

परतताना तिची गाडी मी चालवली. तो मागे तिच्याशेजारी बसला होता. बदलापूर जवळ आलं तेव्हा म्हणाला, "विकून टाकू."

इतकी वर्षं मी हेच ऐकायला टपले होते. आरशात बघितलं, तर तो लेकीचा हात धरून रडत होता. मला 'हो' म्हणवेना.