काकडीच्या मांडवाला जाळी

अकलेचे तारे मी अधूनमधून तोडतोच, पण गेल्या उन्हाळ्यात जे केलं ते ऐकायचं असेल तर आधी हातातला चहा खाली ठेवा.

सातिवलीच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं गोदाम सांभाळलं. गेटपासशिवाय खिळा बाहेर जाऊ दिला नाही. निवृत्त झालो आणि गास गावच्या आमच्या वाडीत काकडीचा मांडव घातला. वर भावाला सांगून बसलो, "तुझ्या पोरीच्या साखरपुड्याला कोशिंबिरीची काकडी माझी. बाजारातून एक आणायची नाही."

शेजारच्या वाडीत सिसिलिया मावशींच्या मधमाशांच्या पेट्या. एका सकाळी बघतो तर त्या माशा माझ्या फुलांत शिरतायत आणि पायांना पिवळं काहीतरी लावून निघून जातायत. डोळ्यांदेखत माल बाहेर चाललेला! मी कुंपणावरूनच म्हटलं, "मावशी, तुमच्या माशा चोऱ्या करतायत."

"अरे बाबा, त्या येतात म्हणून तर काकडी धरते," मावशी म्हणाल्या.

आता त्या आपल्या माशांची बाजू घेणारच, नाही का? मी त्याच दिवशी जाळी आणली आणि मांडव चारी बाजूंनी बंद केला. फटी राहिल्या तिथे बायकोला, सुनंदाला, सुतळीने टाके घालायला लावले.

फुलं काय आली म्हणता! मांडव नुसता पिवळाधमक. पण बोटाएवढी काकडी दिसायची, सुकायची आणि गळून पडायची. साखरपुडा तीन आठवड्यांवर. खत वाढवलं, पाणी वाढवलं. शेवटी वसईला बियाण्यांच्या दुकानात जाऊन भांडलो, "बी खराब दिलंत."

दुकानदाराने शांतपणे विचारलं, "काका, मांडवावर मधमाशा येतात का?"

"एक आत येऊ देत नाही," मी छाती फुगवून सांगितलं. "चारी बाजूंनी जाळी आहे."

त्याने हातातली बियाण्यांची पुडी खाली ठेवली. मग आतल्या खोलीकडे वळून म्हणाला, "बाबा, जरा बाहेर या. हे काका काय म्हणतायत ते ऐका."

घरी येऊन मुकाट्याने जाळी काढली. मावशींकडे कुठल्या तोंडाने जाणार? पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आल्या. एक नर फूल खुडलं, पाकळ्या काढल्या आणि इवलीशी काकडी असलेल्या मादी फुलात हलकेच फिरवलं. "आज थोडी हाताने करू. उद्यापासून माशा बघतील."

मी माफी मागायला गेलो, तर म्हणाल्या, "बोलू नको, फूल धर."

पंधरा दिवसांत मांडव काकड्यांनी वाकला. पहिली टोपली मावशींच्या ओट्यावर ठेवली. कुंपणापाशी माशांसाठी पाण्याची परातही ठेवली, बसायला आत दगड टाकून. अजून रोज भरतो. त्यांचे उपकार दुसऱ्या कुठल्या रीतीने फेडू?

साखरपुड्यात व्याह्यांनी दुसऱ्यांदा कोशिंबीर वाढून घेतली आणि मला विचारलं, "घरची ना? खत काय घातलंत?"

मी घसा खाकरला, तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "खत कसलं? यांना मांडवापासून लांब ठेवलं."