नाक्यावरच्या बॅनरवरची ओळ

माझी बायको गेली तेव्हा शेजाऱ्यांनी श्रद्धांजलीचा बॅनर करायला टाकला. भांडुपला आमच्या डोंगरावरच्या वस्तीत कोणी गेलं की नाक्यावर बॅनर लागतोच. नाही लागला तर लोक समजतात, माणूस गावाला गेलंय.

छापायच्या आधी बघून घ्या म्हणून मला दुकानात बोलावलं. शिकलोय मी चौथीपर्यंतच, पण वाचता येतं. फोटो बायकोचा, नाव बायकोचं, आणि खाली लिहिलेलं: 'विद्यार्थ्यांची लाडकी शिक्षिका, शांत व मितभाषी.'

"ही कोण?" मी विचारलं.

कॉम्प्युटरवर बसलेली दुकानवाली म्हणाली, "सॉरी काका. जुन्या फाइलमधलं मॅटर कॉपी केलं. नाव-फोटो बदलला, तेवढं राहिलं."

"तेवढं? अगं, शाळेची पायरी चढली नाही ती. आणि शांत? तिचा आवाज खाली बसस्टॉपपर्यंत जायचा."

"मग 'प्रेमळ, मनमिळाऊ' टाकू? सगळे तेच टाकतात."

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांच्या बायका काय एकाच साच्यातून काढल्यात? जन्मभर जिने कोणाचं ऐकून घेतलं नाही, तिला मेल्यावर दुसरीचं झंपर घालायचं? म्हटलं, "लिही. नळावर भांडायची, आणि भांडण संपलं की समोरचीचाच हंडा आधी भरून द्यायची."

सून बरोबर होती. "बाबा, बॅनरवर 'भांडायची' असं कोणी लिहितं का?"

"तुझ्याशी नाही भांडायची?"

सून हसली आणि ओढणीने डोळे पुसायला लागली.

ओळ टाइप झाली, पण सगळ्यात खाली, शोकाकुल लोकांच्या नावांच्या पायाशी. मी म्हटलं, फोटोला लागून घे. दुकानवालीने ओळीवरून माउस फिरवला, बटण दाबलं, आणि ओळच गायब.

"घालवलीस ना!" मी ओरडलो. "एकदा गेली ते पुरे नव्हतं?"

"कट केली काका, मशीनच्या पोटात आहे. ही बघा, पेस्ट."

आली फोटोखाली. मी ती परत एकदा पहिल्या शब्दापासून वाचून घेतली. दुकानवालीला काय, हसत होती.

बॅनर लागला. नळावरच्या बायका त्याच्यापुढे उभ्या राहून हसल्या आणि रडल्यासुद्धा. तिच्याशी जी सगळ्यात जास्त भांडलेली होती, ती सगळ्यात जास्त रडली.

पुढे काही दिवसांनी त्याच खांबाला दुसरा बॅनर दिसला. समोरच्या टॉवरमधली बाई. सोन्याच्या फ्रेमचा चष्मा, आणि खाली माझ्या बायकोची ओळ! नळ, भांडण, हंडा, सगळं जसंच्या तसं. टॉवरमध्ये कसला आलाय हंडा? आधी माझ्या बायकोला दुसरीचं चिकटवलं, आता तिचं काढून तिसरीला.

खाली इस्त्रीच्या शर्टातला एक म्हातारा उभा होता. मला म्हणाला, "ही माझी मिसेस. पण हे काय लिहिलंय? ती कधी कोणाशी भांडली नाही हो."

"ती ओळ माझ्या बायकोची आहे," मी म्हटलं. "चला माझ्याबरोबर."

दुकानात आम्हा दोघांना एकत्र बघून दुकानवालीचा चेहरा पडला. "मॅटर छान होतं म्हणून ती फाइल घेतली काका, बदलायचं राहून गेलं..."

"छान आहे म्हणून वाटायला घेतलंस? काढ. आधी काढ ते."

तिने काढलं. म्हाताऱ्याला मी म्हटलं, "सांगा, तुमची कशी होती."

त्याला सुचेना. दुकानवाली 'प्रेमळ' टाइप करायला गेली. मी टेबलावर हात आपटला. "थांब ना जरा. माणूस आठवतोय."

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "डायबिटीस होता. डॉक्टरला सांगायची, साखर सोडली. आणि माझ्या कपातला अर्धा चहा पिऊन जायची."

"हेच लिही," मी म्हटलं.

तिने लिहिलं. मग वर सरकवायला कट केलं, तसा म्हाताऱ्याने माझा दंड पकडला. "अहो, ओळ गेली कुठे?"

"येते. मी पण घाबरलो होतो."

ओळ आली. निघताना दुकानवालीला बजावलं, पुढचा येईल त्याला कोऱ्या पानावर घे.

"कोऱ्या पानाला वेळ लागतो काका."

"लागू दे," मी म्हटलं. "मेलेल्या माणसाला कसली घाई आहे?"