उभ्या माणसाचं दुखणं

आमच्या गावात आजारी माणसाने पडून राहायचं असतं. तसा कुणी ठराव केलेला नाही, पण रीत पक्की आहे. पडलेल्या माणसाला भेटायला लोक येतात. येताना बिस्किटांचा पुडा किंवा केळी आणतात, उशाशी बसतात, कुणाला अगदी असंच झालं होतं आणि तो कसा गेला ते सांगतात, चहा घेतात आणि उठतात. त्यानंतर आजारी माणसाने दोनपैकी एक गोष्ट करायची असते: बरं व्हायचं, नाहीतर मरायचं. मी दोन्हींतलं एकही केलं नाही. तिथूनच सगळी अडचण सुरू झाली.

माझं माहेर भाटघरजवळचं. भोरच्या कॉलेजात शिकत होते तेव्हापासूनच सकाळी उठलं की कंबर आणि पाठ लाकडासारखी व्हायची. वाकून बादली उचलता यायची नाही. आई म्हणायची, पुस्तकावर वाकून वाकून झालंय. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे शिक्षणाने माणसाला काय काय होतं याचा कुणालाच अंदाज नव्हता. पाठ दुखणं हे त्यातलंच एक असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो. पदवी मिळाली, बी.एड. झालं, शिक्षण संपलं. दुखणं संपलं नाही. लग्न होऊन मी वेल्हे तालुक्यात आले, विंझरवरून आत जावं लागतं अशा गावात. जवळच्या माध्यमिक शाळेत नोकरी लागली. पाठ सोबत होतीच.

शेवटी नवऱ्याने पुण्याला नेलं. तो महामार्गालगतच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. त्याने एक सुट्टी माझ्या मणक्यांसाठी खर्च केली. डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिले, रक्त तपासलं आणि सांगितलं, "मणक्यांचा संधिवात आहे. पूर्ण जाणार नाही, पण आटोक्यात राहील. गोळ्या नियमित घ्या. आणि एक लक्षात ठेवा, पडून राहू नका. या दुखण्यात विश्रांतीने त्रास वाढतो. चाला, हिंडा. दिवस दिवस वाकून काम मात्र नको."

मला फार आनंद झाला. शिकलेल्या माणसाला दुखण्याचं नाव कळलं की अर्धं बरं झाल्यासारखं वाटतं. घरी येऊन मी सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांनी तो काळा फोटो दारातल्या उजेडात धरून नीट पाहिला आणि विचारलं, "म्हंजे तू आजारी हायेस का न्हाईस?"

"आहे, आत्या."

"मंग चालायचं कशापायी?"

या प्रश्नाचं उत्तर मी पुढचे कित्येक महिने देत होते.

खरी काळजी होती ती भाताच्या लावणीची. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज सगळ्या बाया एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या. ज्या घरातून जेवढे हात जातील, तेवढे हात त्या घराच्या शेतात परत येतात. आमच्या घरातून दोघी जायचो, आत्या आणि मी. लावणीच्या दिवसांत मी रजा टाकायची. शाळेतले निम्मे शिक्षक तेच करायचे आणि निम्मी मुलं तर आधीच शेतात असायची. पण लावणी म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात वाकून राहणं. आदल्या वर्षी मी ते केलं होतं आणि नंतर बरेच दिवस मला केस विंचरायलाही नवऱ्याची मदत लागली होती.

मी गेले नाही तर आमच्या घराचा एकच हात. शेत मात्र दोन हातांचं. "आमी फुकाचं हात घेत न्हाई कुणाचं," आत्या म्हणाल्या. "म्या दोघींचं काम करीन." त्यांची साठी उलटलेली, गुडघे गेलेले. बोलल्या की त्या करतात, हे मला ठाऊक होतं. म्हणजे येत्या पावसाळ्यात एक तर माझी पाठ जाणार होती, नाहीतर त्यांचे गुडघे.

मग आत्यांनी एक उपाय काढला. माझं दुखणं एवढं मोठं आहे हे गावाला आधीच कळलं, तर सावडीतल्या बाया आपणहून आमचं घर सांभाळून घेतील, कुणाला फुकटचं वाटणार नाही. त्या दिवसापासून पाण्यावर, दुकानात, दळणाला गेल्यावर त्या माझ्या मणक्याविषयी बोलायला लागल्या. होळीला माझा मणका झिजला होता. पाडव्याला तो सरकला. आखितीपर्यंत तो जवळजवळ उरलाच नाही.

लोक भेटायला येऊ लागले. अंगणात पाऊल वाजलं की आत्या दारातून डोकावायच्या आणि हळूच म्हणायच्या, "आली बघ. पड." मी पडायची. आलेली बाई प्रेमाने तासभर बसायची. तेवढ्या वेळात माझी पाठ आखडून जायची, आणि तिला निरोप द्यायला उठताना माझ्या तोंडून असं कण्हणं निघायचं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या कण्हण्यात खोटं काही नव्हतं. फक्त ते दुखणं तिनेच आणलेलं होतं, बिस्किटांबरोबर.

मी रोज शाळेत जाते हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्यावर कुणी बोट ठेवलं नाही. शाळेत जाणं हे गावाच्या हिशेबी कामात धरत नाहीत. "तिथं काय, खुर्चीत तर बसायचं," असं सगळ्यांचं मत. बातमी शाळेपर्यंत गेल्यावर ते खरंही झालं. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या खोलीतली गादीची खुर्ची माझ्या वर्गात पाठवली आणि यापुढे बसूनच शिकवा, असा प्रेमाचा हुकूम केला. मी बसून शिकवू लागले. दुसऱ्या तासाला मला उठता येईना. मुख्याध्यापकांना वाटलं, वेळेवर खुर्ची दिली हे किती बरं झालं.

मी या सगळ्यांची मनापासून आभारी आहे. खरंच आहे. एवढी माणसं माझ्यासाठी झटत होती, आणि त्यांच्या झटण्यातून सुटका करून घेऊन चालायला कुठं जावं, एवढाच माझा प्रश्न होता.

गावात उगाच कुणी चालत नाही. सकाळी फिरायला जाणं हे भोरमधल्या निवृत्त लोकांचं काम. आमच्याकडे माणूस चालतो तो कुठंतरी पोचायला. शिवाय उठता न येणाऱ्या सुनेने हिंडायचं म्हणजे आत्यांची अब्रू जायची. पण माझी सकाळची अवस्था त्या रोज बघत होत्या. एका पहाटे त्यांनीच मला हलवलं. "ऊठ. वढ्याच्या कडंनं गायरानापतुर जाऊन यिऊ. आन इळा घे हातात. मोकळ्या हातानं हिंडणारी बाई लोकांच्या डोळ्यावर येती."

अशा रीतीने माझा व्यायाम सुरू झाला. पुढे आत्या, मागे मी, हातात विळा. वाटेत कुणी भेटलं की आत्या आपणहून सांगायच्या, "म्हस सुटली गं." म्हैस घरी गोठ्यात रवंथ करत असायची.

आधी त्या फक्त राखणीला येत होत्या, मी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. मग बोलायला लागल्या. जाताना माझी पाठ कुरकुरायची, येताना त्यांचे गुडघे. मी एकदा म्हटलं, "आत्या, तुमचे गुडघेही दाखवू ना पुण्याला." त्या थांबल्या. "माझं गुडगं? त्ये काय दुखणं हाय व्हय? त्ये वयाचं हाय." थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "तुला पडायची तरी सोय झाली. म्या कवा पडले आसते तर म्हशीला वैरण कुणी टाकली आसती?" त्यात टोमणा किती आणि सांगणं किती, ते मला आजही उलगडलेलं नाही. पण परतताना चढावर त्यांनी माझा दंड धरला, आणि मी त्यांचा. कोण कुणाला आधार देत होतं ते बघायला वाटेत कुणी नव्हतं.

असं आम्हाला वाटत होतं.

लावणी जवळ आली तशा सावडीतल्या बाया आमच्या ओट्यावर जमल्या, कुणाचं शेत आधी ते ठरवायला. मी आतल्या खोलीत, ठरल्याप्रमाणे, पडलेली. माझी एक चुलत जाऊ आहे, वयाने मोठी. आम्ही तिला आक्का म्हणतो. लावणीत तिच्याइतका हात कुणाचा चालत नाही, आणि तोंडही.

आत्यांनी सुरुवात केली, "सून काय यंदा यायची न्हाई बायांनो. पोरीला उठवत न्हाई."

"व्हय का?" आक्का म्हणाली. "मंग रोज सकाळच्या पारी गायरानात कोण हिंडतं? तिचं भूत?"

बाया हसल्या. आत्या म्हणाल्या, "म्हस सुटती म्हणून जातो."

"आत्या, तुमची म्हस रोज सुटती आन तुमच्या आदी घरी यिऊन बसती. लई शानी म्हस. आन इळा घिऊन जाता, पर गवताची काडी येत न्हाई घरला." मग तिचा आवाज बदलला. "काम नको आसंल तर सरळ सांगा. शिकलेली हाय, चिखलात हात घालाया लाज वाटत आसंल."

मी उठायला गेले. पण तासभर पडल्यामुळे कंबर सरळ होईना. चौकट धरून, तिरकी तिरकी, मी ओट्यावर आले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी बोलायला सुरुवात केली ती वर्गात बोलावं तशी: मणके, सांधे, त्यांना येणारी सूज. निम्मं सांगून होईतो दोघीजणी जांभया द्यायला लागल्या होत्या.

शेवटी मी म्हटलं, "आक्का, मला बसवत नाही आणि निजवत नाही. चाललं की बरं वाटतं. वाकलं की मेले. एवढंच आहे."

"मंग पडलीस कशाला?"

"तुम्ही येता म्हणून."

कोपऱ्यातली एक म्हातारी फुस्सकन हसली, आणि सगळा ओटा हसायला लागला. केळी घेऊन आलेल्या बाया सगळ्यात जास्त हसल्या. हसता हसता आक्काने पदराने डोळे पुसले.

"आमच्या घरच्यांचा टेम्पो हाय बघा, तसली गत," ती म्हणाली. "एकदा बंद केला की चालू हुत न्हाई. म्हणून बाजारात बी चालूच ठिवत्यात. हिचं बी तसंच. बंद पडू द्यायची न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवून सांगितलेलं, मी महिनोन्‌महिने समजावलेलं, ते सगळ्यांना एका टेम्पोने समजलं.

"मंग मुठी टाकाया घेऊ की तिला," आक्काच म्हणाली.

मुठी म्हणजे उपटून बांधलेल्या रोपांच्या जुड्या. त्या बांधाबांधाने नेऊन वाकलेल्या बायांच्या पुढ्यात टाकायच्या. दिवसभर चालणं, वाकणं कमी. पण ते काम आमच्याकडे गडीमाणसं करतात. एक बाई म्हणाली, "त्याचा हात धरायचा का पन सावडीत? बाईचा हात म्हंजे लावनीचा हात."

माझं सगळं त्या एका प्रश्नावर अडलेलं होतं. हात धरला तर आमच्या घरच्या दोघी. नाहीतर आत्या एकटी.

"गडी दोन मुठी टाकतो आन बांधावर मोबाईल बघत बसतो, त्याचा हात धरतो का न्हाई आपुन?" आक्का म्हणाली. "ही तर बसायची बी न्हाई. बसली तर बंदच पडंल."

विचारणाऱ्या बाईनेच बोटांवर मोजलं, आमच्या घरचे हात दोन. आत्या उठल्या, "चा ठिवते," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. चहा यायला नेहमीपेक्षा बराच उशीर लागला.

त्या लावणीत मी बांधावरून चालले. डोक्यावर पाटी घ्यायची नाही, हातात मावतील तेवढ्याच मुठी न्यायच्या, हे आक्काने ठरवलं होतं. माझा नेम चांगला नाही. पहिल्याच दिवशी एक मूठ थेट तिच्या पाठीवर आपटली. "म्याडम, वर्गात खडू असाच मारता व्हय पोरांना?" ती वाकूनच ओरडली. संध्याकाळी अंग दुखायचं, पण जेवायला मांडी घालता यायची. आमच्या शेतात हात पुरते आले. आत्यांनी एकीचंच काम केलं आणि दोघींइतकी बडबड केली.

आता मात्र वेगळीच पंचाईत झाली आहे. बातमी जितक्या जोरात पहिल्यांदा पसरली, तितक्याच जोरात दुसऱ्यांदा पसरली. मला कुणी बसू देत नाही. ओट्यावर शेंगा सोलायला बसले की रस्त्याने जाणारा माणूस हटकतो, "बसली का गं? हिंड की जरा." मुख्याध्यापकांनी गादीची खुर्ची परत नेली; आता ते स्वतः तिच्यात बसतात आणि मला व्हरांड्यातून चालताना बघून समाधानाने मान हलवतात.

परवा माहेरी निघाले होते. कापूरहोळला गाडी बदलून भोरला जायचं. आमच्या एसटीत मला जागा मिळाली होती. विंझरला आमच्याच गावची एक मावशी चढली, पिशव्या सांभाळत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "म्याडम, तुमाला बसून तरास हुतो न्हवं? उठा, म्या बसते."

मी उठले. काय बोलणार? तिने माझी पिशवी मायेने मांडीवर घेतली. पण तो दिवस वाईट होता. कधी कधी असा येतो, की उभं राहून भागत नाही आणि बसूनही. एका वळणावर मी दांडा घट्ट धरला, तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"बरं वाटतंय ना?"

"नाही, मावशी," मी म्हटलं. "आज उभं राहूनही दुखतंय."

यावर गावात अजून काही ठरलेलं नव्हतं. तिने थोडा विचार केला, पिशव्या खिडकीकडे लोटल्या, स्वतः सरकली आणि सीटच्या कडेवर थाप मारली. "मंग या. अर्ध्या बसा, अर्ध्या हुबं ऱ्हावा."

महामार्ग येईपर्यंत मी तशीच होते, एक पाय वाटेत, वजन निम्मं तिच्या खांद्यावर. गाडी आदळली की ती माझ्या कमरेला हात लावून मला थोडी उचलायची, आणि रस्ता सरळ आला की परत खाली ठेवायची.