कमळाला चावणारा मासा

खांग पानलानने जन्मात जिवंत मासा पाहिला नव्हता. उत्तर शानशीच्या त्या पिवळ्या डोंगरांत प्यायचं पाणी गाढवावरून आणायचं, तिथे मासा कुठून दिसणार? पण मासा कापावा तो पानलाननेच, हे खोऱ्यातल्या अकरा गावांना ठाऊक होतं. लाल कागदाची घडी, बोटभर कात्री, आणि तोंडाने अखंड बडबड. खवले कापायच्या ऐवजी ती माशाच्या पोटात दाणेच दाणे कापायची. कुणी टोकलं की म्हणायची, "खवले काय चाटायचेत? लग्नाचा मासा आहे, पोट अंड्यांनी गच्च हवं."

कला तिला आत्याने शिकवली. जुना नमुना नव्या कागदावर चिकटवायचा, दिव्याच्या काजळीवर धरायचा, नमुना काढला की पांढरी छबी उमटते. तिच्यावरून कात्री चालवायची. पानलानने वर्षभरात नमुने भिरकावून दिले. "दुसऱ्याच्या सावलीवरून किती दिवस कापायचं?" असा तिचा ताठा.

संसाराला बावीस वर्षं झाली, पण पाळणा हलला नाही. नवरा गुईशान स्वभावाने गरीब. तो म्हणे, "आपल्याला गाढव आहे, तेवढी कटकट पुरे." गावाला मात्र तेवढ्याने पुरत नव्हतं. नव्या जोडप्याच्या खोलीत खिडकीला मासे चिकटवायचे ते लेकुरवाळीनेच: नवरा धडधाकट, मुलगा-मुलगी दोन्ही पदरात. म्हणजे मासे कापायचे पानलानने, ते द्यायचे उंबऱ्याबाहेरून, आणि बदल्यात वाफवलेले दोन पाव घेऊन घरची वाट धरायची. बावीस वर्षांत तिने नवरीच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. हे तिला किती झोंबे ते फक्त कात्रीला माहीत.

त्या हिवाळ्यात तुओंच्या घरी थोरल्याचं लग्न निघालं. त्याच आठवड्यात धाकटीची सोयरीकही ठरलेली. त्यांची आई सुईए हिने पानलानकडून माशांची दोन पुडकी कापून घेतली. सोयरिकीला मासा कमळाभोवती नुसता खेळतो. लग्नाला मासा कमळाला चावतो. मासा म्हणजे पुरुष, कमळ म्हणजे बाई. एवढं त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

लग्नाच्या सकाळी लेकुरवाळी म्हणून छाइनीला मान मिळाला. चार पोरांची आई, चालताना जमीन हलावी असा रुबाब. तिने पुडकं सोडलं, पिठाची खळ फासली आणि खिडकीला काचेऐवजी लावलेल्या पांढऱ्या कागदावर आठ मासे थापले. बाहेर अंगणात बायका जमल्या होत्या. त्यांतली एक खिडकीकडे बघून फिसकन हसली.

"अगं बाई! नवरदेव नुसत्याच घिरट्या घालणार वाटतं!"

सुईए धावत आली. मासे कमळाभोवती खेळत होते. चावत एकही नव्हता.

"छाइनी! हे सोयरिकीचे आहेत!"

"मासे आहेत, कमळं आहेत. मला काय माहीत त्यातलं?"

"मग चावणारे कुठे गेले?"

"ते... तुमच्या धाकटीच्या सासरी. पहाटेच पाठवले ना फराळाबरोबर."

अंगणात हास्याचा फवारा उडाला. "तिकडचे सोयरे म्हणतील, पोरीची फार घाई झालीय!" सुईएला हसू आणि रडू एकदम यायला लागलं. मासे उपटावेत तर खिडकीचा कागद फाटणार, नवरीच्या खिडकीला भोक पडणार. तसला अपशकून कोण ओढवून घेईल? टेकडीपलीकडून वरातीचे सनईवाले ऐकू यायला लागले होते.

पानलान कुंपणाशी उभी होती. पाव घेऊन निघायच्या बेतात.

"पानलान, तू काहीतरी कर गं," सुईए म्हणाली.

"सोपं आहे. मासे तिथेच राहू देत. तोंडं मी वाढवून देते, लाल कागदाचे तुकडे जोडून. पण बेताबेताने जोडायला लागतील, खिडकीखालच्या झोपायच्या ओट्यावर चढून." तिने हातातले पाव कुंपणावर ठेवले. "आणि मी येणार ती दारातून. सगळ्यांसमोर. तू 'ये' म्हणालीस तर."

हसू बंद झालं. छाइनी म्हणाली, "सुईए, विचार कर हो. तिच्या पदरात..."

"माझ्या पदरात काय आहे ते मला माहीत आहे!" पानलान उसळली. "माझ्या हाताला दोष असता, तर बावीस वर्षांत या गावात एकही पोर जन्मलं नसतं. मोज तुझी चार! तुझ्या लग्नात खिडकीवर मासे कुणाचे होते? सांग की, घसा बसला का?"

छाइनी हातातली खळीची वाटी उगाच ढवळायला लागली.

सुईएने टेकडीकडे पाहिलं. मग दाराचा पडदा स्वतःच्या हाताने वर उचलला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पानलान, ये. आत ये."

पानलानने जोडे उंबऱ्यापाशी काढले आणि नव्या गाद्या घातलेल्या, खालून चुलीने तापवलेल्या ओट्यावर चढली. चढताच तिने छाइनीला हुकूम सोडला, "खळीची वाटी धर. वर, वर! नाकाखाली कशाला धरतेस?" छाइनीने धरली. नखाएवढे तुकडे कापून पानलान एकेका माशाचं तोंड कमळापर्यंत नेत गेली. आठवा झाला तोवर सनई दारात आली.

"तो डावीकडचा जरा जास्तच चावलाय," छाइनी हळूच म्हणाली.

"थोरल्याचा स्वभाव बघता तेवढा लागणारच," पानलान म्हणाली, आणि दोघीही खळीच्या वाटीवर ओणव्या होऊन खुदखुदल्या.

पुढे पानलानने जाहीरच केलं: मासे हवेत तर चिकटवणार मीच. दोन घरं चिडली. बाजारातून छापील मासे आणून लावले त्यांनी. तिसऱ्या घराने मात्र माणूस पाठवला. पानलानने निरोप ऐकला, कात्री कमरेला खोचली आणि गुईशानला म्हणाली, "गाढव जोड. आज खोलीच्या आत जायचंय."