खैरनार सरांचा संशय

खैरनार सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी द्वारका चौकातल्या सिग्नलला अडकले होते. "नक्की का? कोणी सांगितलं?" हेच आधी तोंडातून निघालं. तपासल्याशिवाय काही मानायचं नाही, ही खोड त्यांनीच लावलेली…

सर जन्मापासून अंध. अंध मुलांच्या शाळेत गणित शिकवायचे. मुलांना आलेख कानाने वाचता यावा म्हणून मी एक ॲप बनवलं होतं. रेषा चढली की सूर चढायचा, उतरली की उतरायचा. त्यांची विद्यार्थिनी वैशाली, पेठकडच्या खेड्यातली, नुकतीच दहावी झालेली. तिला सायन्सच हवं होतं आणि कॉलेजवाले म्हणत होते, आधी आलेख वाचून दाखव, मग प्रवेशाचं बघू. मी शेजारी बसून सराव घेतला. दहापैकी दहा! मी हुरळले. सर म्हणाले, "दहाच्या दहा? मला नाही पटत." खरं सांगते, माझं डोकंच फिरलं. म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय, असंही मनात आलं. त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं आणि पुन्हा सराव घेतला. बरोबर आले फक्त तीन.

"अगं, ती 'चढते… उतरते…' करत चाचपते," सर म्हणाले. "बरोबर शब्द आला की तू सुस्कारा टाकतेस. मला इथवर ऐकू येतो. पोरगी आलेख नाही, तुला वाचतेय."

मी वैशालीला विचारलं, आधी का नाही बोललीस? ती मान खाली घालून म्हणाली, "दोन रेषा असल्या की दोन आवाज एकदम येत्यात, ताई. कायच कळत नाय. पण तुम्ही लय मेहनत घेतली व्हती… कसं सांगू?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग पुढचे पंधरा दिवस ती चुका सांगत गेली, मी आवाज बदलत गेले, आणि सर दोघींवरही संशय घेत राहिले.

कॉलेजात तिला आत पाठवलं आणि सर माझ्याबरोबर बाहेर बाकावर येऊन बसले. मी म्हटलं, "तुम्ही तरी थांबायचं होतं आत." तर म्हणाले, "माझ्या श्वासाचा मला कुठे भरवसा आहे?"

अर्ध्या तासाने वैशाली बाहेर आली. "घेतलं मला सायन्सला! आठ बरोबर आले, सर. दोन चुकले… पण माझी मी चुकले."

सर हसले. मी त्यांना एवढं हसताना कधीच पाहिलं नव्हतं.