अवसेचा नळ

माझ्या मेहुण्याचं साताऱ्यात नळांचं दुकान आहे. पितळी, स्टीलचे, फिरकीचे. माझे वरचे पुढचे दोन दात हलायला लागल्यापासून तो मला तिथं गल्ल्यावर बसवायला टपलाय. लग्नाच्या बँडात सव्वीस वर्षं मी क्लॅरिनेट वाजवतोय. ते दोन दात गेले की वाजवणं संपलं. पण क्लॅरिनेटच्या तोंडाशी जी पातळ पत्ती थरथरते, ती घरी बनवून विकावी असं वर्षभर डोक्यात घोळत होतं. ती पत्तीही नळाचीच, फक्त हा नळ पाण्याकाठी उगवणारा, बोरूच्या जातीचा. आपल्याकडचा नळ बोलला, म्हणजे सुरात वाजला, तर धंदा, नाहीतर मेहुण्याचा गल्ला, असं ठरवून निघालो. बायकोनं कॅलेंडर बघून दिवस काढून दिला. नव्या कामाला चढता चंद्र हवा, म्हणाली, आणि डब्यात थालीपीठं भरली.

बोरघाट उतरताना कानाला दडे बसले ते खोपोलीत चहा प्यायल्यावर सुटले. तिथल्या एका ट्रंपेटवाल्यानंच मला सांगितलं होतं, की भिवपुरीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्याच्या काठी हा नळ माजलाय आणि बुधाजी ठाकराला त्यातलं सगळं कळतं. कर्जतहून पुढच्या टेंपोत वांग्यांच्या पाटीशेजारी जागा मिळाली. पाटीवालीनं माझ्या क्लॅरिनेटच्या पेटीकडं बघून विचारलं, लग्नाला का? म्हटलं, नाही, मुलगी बघायला चाललोय. तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडं नीट पाहिलं आणि पाटी जरा पलीकडं सरकवली.

भिवपुरीला भाताची खाचरं कापून कोरडी पडली होती, पण पाण्याच्या काठानं हिरवागार पट्टा होता. बुधाजी सत्तरीचा, काटक, कमरेला कोयता. त्यानं मला नळाच्या बेटापाशी नेलं. अंगठ्याएवढे जाड, सरळसोट नळ! मी हरखून पिशवीतली करवत काढली, तर त्यानं तिच्यावर हात ठेवला.

"आज नाय तोडायचा. चांदणं चढतंय. आत्ताचा नळ गोड असतो, किडा लागतो त्याला. अवसंला या."

अवस म्हणजे अमावास्या. मी चिडलो, चांगलाच चिडलो. साताऱ्याहून आलोय, रजा एका दिवसाची, दात पडायला टेकलेत, सगळं ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"कुंपणाला हवा तर आत्ता न्या. फुंकायला हवा तर अवसंला."

तणतणत मागं वळलो तो पाय घसरून गुडघाभर पाण्यात. बुधाजी हसला नाही, याचाच मला जास्त राग आला.

त्याच्या घरी पारूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, माझे बूट चुलीपाशी वाळत ठेवले. तांदळाची भाकर आणि वालाचं बिरडं वाढलं. माझी थालीपीठं दोघांनी खाल्ली आणि बरी आहेत असं म्हटलं, त्यातला 'बरी' मला कळला. जेवताना वर लक्ष गेलं. चुलीवर धुरानं काळी झालेली एक नळी टांगली होती, तोंडाला चिंधीचा बोळा. काय आहे, विचारलं. काकडीचं बी, पारूबाई म्हणाली. नळी याच नळाची, सासूनं तोडलेली. कधी? ती हसायलाच लागली. "अवसंलाच की."

मागायची लाज वाटली, तरी मागितली. तिनं माझ्या रिकाम्या डब्याकडं पाहिलं, तो पुसला, बी त्यात ओतलं आणि नळी माझ्या हातात दिली.

अंगणात बसून मी काजळी खरवडली. खालून मधासारखा रंग निघाला. पहिली पत्ती तासताना चिरली. दुसरी तासायला दुपार गेली. ती तोंडात भिजवून क्लॅरिनेटला बसवली. फुंकलं तर नुसती हवा. अजून केसभर तासली, पुन्हा फुंकलं. खालचा सूर भरून आला, गोल, अंगणभर. माझे हलणारे दातसुद्धा झणझणले.

"बोलला," बुधाजी म्हणाला, आणि माझे डोळे भरले. मग त्या दोघांसाठी अंधार पडेपर्यंत वाजवलं.

घरी बायकोचा पहिला प्रश्न, डबा कुठाय. त्यात काकडीचं बी आहे, भिवपुरीला, असं सांगून मी तिला तो सूर ऐकवला. मग मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.

"आता काय शोधताय?"

"अमावास्या. नळ तोडायचाय."

नवं काम, अमावास्येला! आता ही काय म्हणते म्हणून मी तिच्याकडं बघितलं. तिच्याच चढत्या चंद्रानं माझी खेप फुकट घालवली होती, पण तो दिवस नसता तर ती नळी दिसलीच नसती. तिनं कॅलेंडर माझ्या हातातून घेतलं, पेन आणलं आणि काळ्या ठिपक्याभोवती गोल केला.

"डबा त्यांच्याकडंच राहू द्या," ती म्हणाली. "त्या दिवशी दुसरा भरून देते. आणि दादाला मी सांगते, गल्ल्यावर दुसरं कुणी बघ."