खो-खोच्या मुलींचं संध्याकाळचं खाणं

“आणखी एक मुलगी ग्राउंडवर पडली, तर खो-खो बंद. पालकांना तोंड मला द्यावं लागतं,” जोगळेकर बाई म्हणाल्या.

त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर खेळाचे शिक्षक मोरे सर हाताची घडी घालून उभे होते.

“मुलगे पडले असते तर कबड्डी बंद केली असतीत का, बाई?”

“मुलगे पडले तर त्यांच्या आया मला घरी फोन करत नाहीत, मोरे.”

मी बाजूच्या खुर्चीत चहाचा कप घेऊन बसले होते. मी आहारतज्ज्ञ. ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हा ठाण्यात आमचा धंदा सांगितला की समोरचा हमखास पोट आत ओढून घ्यायचा. सकाळी एका हॉस्पिटलमध्ये पेशंटची पथ्यं ठरवायची आणि संध्याकाळी नौपाड्यात एका डॉक्टरांच्या क्लिनिकच्या मागच्या खोलीत बसायचं, असं माझं काम. मोरे सरांच्या वडिलांना डायबेटिस होता, ते माझ्याकडे यायचे. तेवढ्या ओळखीवर सरांनी मला शाळेत ओढून आणलं होतं.

प्रकार असा होता. मुलींच्या संघातल्या दोघींना सरावात चक्कर आली होती. त्यातली एक रोहिणी. नववीतली, उंच, लांब हातापायांची, संघाची हुकमी चेसर. चेसर म्हणजे पाठलाग करून गडी बाद करणारी. कल्याणची आंतरशालेय स्पर्धा महिन्यावर आली होती आणि पालकांच्या सभेत कुणीतरी उठून म्हणालं होतं, मुलींना एवढं पळवायची गरजच काय?

“सरावाआधी मुली काय खातात?” मी विचारलं.

“घरून जेवून येतात ना,” बाई म्हणाल्या.

“कधी?”

शाळा दुपारची. मुली अकराच्या सुमारास वरण-भात खाऊन निघायच्या. मधल्या सुट्टीत डब्यातली अर्धी पोळी मैत्रिणीला. शाळा सुटली की थेट ग्राउंड आणि अंधार पडेपर्यंत धावाधाव. वाढत्या वयात शरीराला दोन कामं एकदम करायची असतात: रोजचं चालवायचं आणि वर नवीन हाडं, स्नायू, रक्त तयार करायचं. त्या वयाच्या मुलीला तिच्या आईइतकं तरी खायला लागतंच, खेळणारीला त्याहून जास्त. अकराचा भात संध्याकाळपर्यंत पुरत नाही. इतकं साधं गणित होतं. निदान मला तेव्हा ते साधं वाटलं.

“मला स्पर्धेपर्यंत वेळ द्या,” मी म्हटलं. “शाळा सुटल्यावर मुलींना पोटभर खायला घालू. मग बघू कोण पडतं.”

“बघा. पण कुणी पडलं तर मी ऐकून घेणार नाही,” बाई म्हणाल्या.

शाळेचं कॅन्टीन पाटकर काका चालवायचे. पांढरी बनियन, खांद्यावर पंचा. मी त्यांना मोड आलेले मूग, गाजर आणि काकडी असा मेनू सांगितला. कॉलेजात शिकलेलं सगळं त्यात होतं. काकांनी करून दिलं.

मुलींनी वाट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मॅडम, कोण आजारी आहे?” संघाची कॅप्टन शिल्पा म्हणाली.

अर्ध्याहून जास्त वाट्या तशाच परत आल्या. आणि सराव सुरू व्हायच्या आत निम्मा संघ गेटबाहेरच्या भेळवाल्याकडे उभा. मोरे सरांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना आत आणलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्यांच्या वडिलांची फी कमी करावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच भेळवाल्याकडे गेले, मुलींसोबत. दोन घास खाल्ले. छान होती. चूक भेळेत नव्हती; नुसत्या कुरमुऱ्यांत आणि शेवेत होती. त्याने तोंड भरतं, पोट नाही. मग मी पाटकर काकांना म्हटलं, “भेळच करू. पण कुरमुरे कमी. त्यात उकडलेले चणे, भाजलेले शेंगदाणे, कांदा, टोमॅटो, भरपूर कोथिंबीर. वर लिंबू पिळायचंच.”

लिंबाचं कारण सोपं आहे. चण्यासारख्या कडधान्यातलं लोह शरीराला एकट्याने नीट घेता येत नाही. आंबट सोबत असलं की बरंच जास्त घेता येतं. मुलींना मी हे सांगितलं नाही. त्यांना फक्त सांगितलं, तिखट हवं तेवढं घाला.

एक दिवस ही भेळ, एक दिवस भाजणीचं थालीपीठ आणि दही, एक दिवस मटकीची उसळ आणि पाव. थालीपीठ ताटलीत दिलं तर कुणी हात लावेना. तेच शेंगदाण्याची चटणी लावून, गुंडाळी करून कागदात दिलं, तर मुली उभ्याउभ्या फस्त करायच्या. दर आठवड्याला एकदा उकडलेली अंडी, ज्यांच्या घरी चालतात त्यांना. बाकीच्यांना गूळ-शेंगदाण्याचा लाडू. ज्यांच्या घरी अंडी चालत नाहीत त्यांची संख्या लाडूच्या दिवशी अचानक वाढायची. दोन्ही खाणाऱ्याही निघाल्या. मला खाल्लं याच्याशी मतलब.

फरक दिसला. मोरे सर म्हणाले, आता शेवटच्या डावातसुद्धा मुली बसल्या जागेवरून झेपावतात. शिल्पा म्हणाली, आता घरी गेल्यावर आईवर डाफरायला होत नाही. कबड्डीच्या मुलांनी तर मोरे सरांना घेरलं, “सर, आम्हालापण चक्कर येते.” मी खूश होते. क्लिनिकमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवत होते.

आणि तेवढ्यात रोहिणी पुन्हा पडली.

पूर्ण पडली नाही. धावता धावता टोकाच्या खांबाला धरून ती खाली बसली. चेहरा पांढरा. मोरे सरांनी तिला सावलीत नेलं आणि बाईंच्या कानावर जायच्या आत मला फोन केला. मी क्लिनिकमधल्या डॉक्टरांनाच सोबत घेऊन गेले. त्यांनी तिला तपासलं, दुसऱ्या दिवशी रक्त तपासून घेतलं. दुसरा आजार काही नव्हता. रक्त मात्र कमी होतं आणि पोट रिकामं.

“त्या दिवशी सरावाआधी नाश्ता केलेला?” मी तिला ग्राउंडवर गाठून विचारलं.

“हो, केलेला,” ती म्हणाली.

शिल्पा बाजूला उभी होती. ती एकदम स्वतःच्या बुटांकडे बघायला लागली. मी तिला कोपऱ्यात घेतलं.

“मॅडम, मी तिला नको म्हणते,” शिल्पा रडकुंडीला आली. “पण ती रोज तिचं मला देते. मला वाटलं तिला आवडत नसेल.”

न आवडणं मला समजत होतं, त्यावर माझ्याकडे उपाय होते. मी रोहिणीला क्लिनिकमध्ये बोलावलं. ती एकटीच आली. नवीन पेशंट आला की आधी वजन आणि उंची घ्यायची, ही आमची पद्धत. वजन घेतलं. उंचीच्या पट्टीला तिला पाठ लावून उभी केली आणि वरची फळी डोक्यावर टेकवली. आकडा काही पटेना. ग्राउंडवर ती मोरे सरांच्या कानापर्यंत येत होती. मी खाली बघितलं. स्कर्टखाली तिने गुडघे वाकवले होते.

“सरळ उभी राहा गं.”

“सरळच आहे.”

“रोहिणी.”

ती सरळ झाली. फळी झटकन वर गेली, आणि ती रडायला लागली.

मी पट्टीवरचा आकडा लिहिलाच नाही. तिला बसवलं, पाणी दिलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. मे महिन्यात डोंबिवलीला चुलतबहिणीचं लग्न होतं. तिथे आत्या चारचौघींत म्हणाली होती, “अगं, हिला खायला देऊ नका बाई आता. आणखी वाढली तर नवरा शिडी लावून आणावा लागेल.” सगळ्या हसल्या. रोहिणीही हसली. आणि त्या दिवसापासून तिने ताटातलं कमी करायला सुरुवात केली. घरी सांगायची, शाळेत खाल्लं. शाळेत सांगायची, घरून खाऊन आले.

“मॅडम, न खाल्लं तर उंची थांबते ना?” तिने विचारलं.

हा प्रश्न अवघड होता, कारण ‘नाही’ म्हटलं तर ते धड खरं नव्हतं. वर्षानुवर्षं उपासमार झाली तर वाढ खुंटते. मुलगी हुशार होती, खोटं तिला पुढेमागे कळलं असतं.

“थांबू शकते,” मी म्हटलं. “पण शरीर तुझ्या सोयीने थांबत नाही. आधी रक्त कमी होतं, ते झालंच आहे. मग पाळी बिघडते, हाडं कच्ची राहतात, अभ्यासात डोकं चालत नाही. आणि ऐक, मुलींची उंची पाळी सुरू झाल्यावर तशीही फार वाढत नाही. तुझी वाढ शेवटाकडेच आलीय. उगाच कशाला उपाशी मरतेस?”

तिने नाक पुसलं. “पण आत्ता आहे त्याचं काय?”

मी म्हटलं, “तुझ्या आईशी बोलू का?” तिने होकाराची मान हलवली.

मी तिच्यासोबत रिक्षाने खोपटला, तिच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर. दार तिच्या आईने उघडलं आणि मला मान वर करून बघावं लागलं. चांगली उंच बाई. चहाचं आधण ठेवून मागून वडील बाहेर आले. ते बायकोच्या खांद्याला लागत होते. मी मोठ्या कष्टाने हसू आवरलं.

मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, मग आत्याचं. आई ऐकत होती. तिचे डोळे भरले.

“मला वाटायचं शाळेत खाते. मोरे सरांना मनातल्या मनात दुवा द्यायचे मी.” मग तिने रोहिणीला जवळ ओढलं. “अगं वेडे, आत्या मला पण हेच म्हणाली होती, माझं लग्न ठरताना. मी काय बिननवऱ्याची राहिले?”

“शिडी बिडी काही लागली नाही,” वडील म्हणाले. “फक्त माळ्यावरचे डबे हीच काढते. माझी सोय झाली.”

रोहिणी आधी हुंदका देत होती की हसत होती, ते कळेना. मग खरंच हसली. आईने तिथल्या तिथे दोन पोळ्या भाजल्या, तूप-गूळ लावून तिच्या हातात दिल्या. मी आहारतज्ज्ञ म्हणून त्यात सुधारणा सुचवू शकले असते. सुचवली नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या आईने स्वतः द्यायच्या असं ठरलं. आत्याशी वडील बोलणार होते. पुढे ते तिच्याशी काय बोलले मला माहीत नाही, पण दिवाळीत आत्याने रोहिणीला चकल्यांचा डबा पाठवला असं ऐकलं.

जोगळेकर बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या स्वतः बुटक्या होत्या. “मला घरचे उंच टाचेच्या चपला घालायला लावायचे,” एवढंच म्हणाल्या. सराव चालू राहिला. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत रोहिणी बाहेर बसून फक्त खायची आणि ओरडायची.

स्पर्धेत ती खेळली, शेवटच्या दोन सामन्यांत, तेही थोडा वेळ. टोकाच्या खांबाला एका हाताने लोंबकळून तिने दुसरा हात लांब केला आणि निसटून चाललेल्या मुलीच्या पाठीला बोटं टेकवली. दुसऱ्या कुणाचा हात तिथे पोचला नसता. अंतिम सामना आम्ही हरलो. एकही मुलगी पडली नाही.

पाटकर काकांनी नाश्ता पुढेही चालू ठेवला, कबड्डीवाल्यांसकट. मी मात्र तेव्हापासून एक नियम केलाय. भुकेलं मूल जेवत नसेल, तर मेनू बदलायच्या आधी त्याला कोण काय बोललं ते विचारते. निम्म्या वेळा मेनू बदलावाच लागत नाही.